आमचं पहिलं वाक्य पूर्ण होऊ द्या : ओपीडी चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बाह्यरुग्ण विभागात रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर आणि त्या विभागांचं वेळापत्रक ठरवणारे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

ओपीडी सुधारायची म्हटलं की आधी खुर्च्या बदलल्या जातात. मग भिंतींना रंग, प्रतीक्षाकक्षात टीव्ही, नोंदणीसाठी ॲप. यातलं काहीच वाईट नाही. तासन् तास बसावं लागणाऱ्या आजारी माणसाला धड खुर्ची मिळायलाच हवी. पण तपासून बाहेर आलेला रुग्ण समाधानानं घरी जातो की नाही, हे खुर्चीवर फारसं ठरत नाही. त्यातलं बरंचसं दाराच्या आत ठरतं, आणि आपलं म्हणणं सांगून झालं का, समोरच्यानं ते ऐकलं का, यावर ठरतं. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आईला घेऊन मी अनेक वर्षं ओपीडीत बसते आहे. तिथे जे दिसत गेलं ते माझ्यापुरतंच आहे की काय, हे कळावं म्हणून या विषयावरचं संशोधन वाचायला लागले. आम्हाला जे जाणवतं ते संशोधकांनी फार पूर्वीच घड्याळ लावून मोजून ठेवलेलं आहे. तरीही ओपीडीत फरक पडलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

नंबर यायची वाट पाहताना आईचे ओठ हलत असतात. आत गेल्यावर काय सांगायचं याची ती मनातल्या मनात उजळणी करत असते. नवी गोळी सुरू झाल्यापासून सकाळी उठताना चक्कर येते, एकदा न्हाणीघरात तोल गेला, भिंत धरली म्हणून वाचले, आणि तेव्हापासून एकटीनं आंघोळीला जायची भीती वाटते. सगळं क्रमानं ठरलेलं असतं. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय म्हणताय?" ती सुरू करते, "ती नवी गोळी दिलीत ना, तेव्हापासून सकाळी..." "शुगर केली होती? रिपोर्ट आणलाय?" मग पिशवीतून फाइल निघते, फाइलमधून रिपोर्ट, रिपोर्टवरून आकडे, आकड्यांवरून गोळ्या. बाहेर आल्यावर ती म्हणते, "चक्करचं राहिलंच बघ."

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. शुगरचा आकडा त्यांना हवाच होता. पण रक्तदाबाची गोळी बदलल्यावर उठताना चक्कर येणं, ही त्या दिवशीची सगळ्यात कामाची माहिती होती. बसून एकदा आणि उभं करून एकदा असं दोनदा बीपी मोजलं असतं, तर उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतोय का, हे तिथल्या तिथे कळलं असतं. अर्धवट राहिलेल्या त्या वाक्यात आईचं समाधान होतं आणि डॉक्टरांचं निदानही होतं. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात, त्याचंच मला वाईट वाटतं.

१९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याचं बोलणं मध्येच तोडून दुसरीकडे वळवलं होतं. आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलेले रुग्ण ७४ पैकी फक्त १७. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गटानं पुन्हा मोजलं, तेव्हा १८ चे २३ सेकंद झाले होते.

बोलू दिलं तर रुग्ण थांबतच नाहीत, दिवसभराची यादी कोलमडेल, अशी भीती तुमच्यातल्या अनेकांना वाटते. मला ती पोकळ वाटत नाही. म्हणूनच स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयात झालेला प्रयोग तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. तिथल्या बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांना आधी ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, की रुग्ण आपण होऊन थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ३३५ रुग्णांच्या नोंदी झाल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. दहातले जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांच्या पुढे गेले फक्त सात जण, आणि त्यांचं बोलणंही तोडण्यासारखं नव्हतं, असं त्यांच्या डॉक्टरांचंच मत पडलं. हे साधे पडसे-खोकल्याचे रुग्ण नव्हते; गुंतागुंतीचे आजार घेऊन मोठ्या रुग्णालयात पाठवलेले रुग्ण होते. म्हणजे आमच्या बोलण्याला भ्यावं अशी परिस्थिती नाही. दीड मिनिट. केसपेपर उघडून मागची औषधं वाचायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो.

आणखी एक गोष्ट त्याहून जुनी आहे. बार्बरा कॉर्श या बालरोगतज्ज्ञ. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात आजारी मुलांना घेऊन आलेल्या आयांच्या ८०० भेटींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९६८ साली तो प्रसिद्ध केला. कितीतरी आयांच्या मनातली मुख्य काळजी डॉक्टरांसमोर निघालेलीच नव्हती. मुलाला हे कशामुळे झालं, हा प्रश्न मनात घेऊन त्या परत गेल्या होत्या. 'माझ्या हातून काही चुकलं का?' असं ज्या आईला आतून विचारायचं असतं, तिला औषधाची बाटली हातात मिळाली तरी तिचं काम झालेलं नसतं. डॉक्टरांचं झालेलं असतं. कॉर्श यांच्या अभ्यासात भेट किती मिनिटं चालली, याचा समाधानाशी ठळक संबंध दिसला नव्हता. ती मिनिटं कशात गेली, याचा दिसला.

ही काळजी बऱ्याचदा अगदी शेवटी बाहेर पडते, रुग्ण उठून दारापर्यंत गेल्यावर. "डॉक्टर, एक विचारायचं होतं, ते छातीत जरा..." त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जो वैताग येतो, तो आम्हाला दिसतो. पण लोक मुद्दाम शेवटपर्यंत थांबत नाहीत. धीर गोळा व्हायला तेवढा वेळ लागलेला असतो. तुम्हीच सुरुवातीला विचारलंत, "याशिवाय आज अजून काय काय बोलायचंय? आधी सगळं सांगा, मग एकेक घेऊ," तर छातीतलं दुखणं दारापर्यंत जाऊन परत येणार नाही. सगळं आज होणार नसेल तर तसं सांगा. "ही दोन आज बघू, गुडघ्याचं पुढच्या वेळी," हे ऐकून कोणी नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही.

वेळच नाही, हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरं आहे. प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांची एक भेट किती वेळ चालते, यावरचे ६७ देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी. ४८ सेकंदांत कोणताही डॉक्टर, कितीही मायाळू असला तरी, कोणाचं ऐकून घेऊ शकत नाही. तिथे डॉक्टरांच्या स्वभावावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. तो यादीचा, मनुष्यबळाचा आणि पैशाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायचं काम डॉक्टरांच्या खुर्चीत बसून होत नाही. व्यवस्थापकांनी हे वाक्य स्वतःसाठी आहे असं समजावं.

मात्र जिथे पाच-सात मिनिटं मिळतात, तिथे काय करता येतं, हे सांगणारा पुरावा आहे. वेंडी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली निष्काळजीपणाचे दावे दाखल झालेल्या आणि कधीच न झालेल्या डॉक्टरांच्या भेटींची तुलना केली. त्यांनी अभ्यासलेल्या प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांमध्ये, ज्यांच्यावर दावे नव्हते ते रुग्णाला पुढे काय होणार हे आधी सांगत होते, "आधी तपासतो, मग तुमच्या शंकांबद्दल बोलू." त्यांचं मत विचारत होते, समजलं का याची खात्री करत होते, आणि रुग्णासोबत हसतही होते. त्यांच्या भेटी सरासरी तीन-साडेतीन मिनिटांनी लांब होत्या, हेही लपवायला नको. पण "आधी तपासतो, मग बोलू" या वाक्याला तीन सेकंद लागतात. ते ऐकलेला माणूस तपासणी चालू असताना 'आता माझं राहून जाणार' या धास्तीनं मध्ये मध्ये बोलत नाही.

बाकी लहान गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. बसून बोलणं. टाइप करायच्या आधी एकदा चेहऱ्याकडे पाहणं, आणि टाइप करताना "हे लिहून घेतोय, ऐकतोय मी" असं म्हणणं. एका गोष्टीवर मात्र मला ठाम बोलायचं आहे. एक रुग्ण तपासला जात असताना पुढच्या दोघांना आत आणून भिंतीशी उभं करू नका. लघवीचा त्रास, पाळीच्या तक्रारी, घरातली मारहाण, रात्री न येणारी झोप यांतलं काहीही तिसऱ्या माणसासमोर कोणी बोलत नाही. त्यानं वाचलेलं अर्धं मिनिट चुकलेल्या निदानाच्या रूपानं परत येतं.

आता वाट पाहण्याबद्दल.

थांबणं आम्हाला मान्य आहे. आत कोणाला तरी जास्त वेळ लागतोय, उद्या तो आपल्यालाही लागेल, एवढं बाहेर बसलेल्या प्रत्येकाला कळतं. सहन होत नाही ते काहीच न कळणं. एक वयस्कर गृहस्थ आमच्या शेजारी बसले होते. त्यांना वारंवार लघवीला जावं लागत होतं, पण आपलं नाव पुकारतील या भीतीनं ते उठत नव्हते. पाय जुळवून, दाराकडे डोळे लावून बसले होते. शेवटी मला म्हणाले, "माझं नाव घेतलं तर जरा थांबायला सांगाल का?" ते गेले आणि नेमकं नाव पुकारलं गेलं. मी सांगितलं, पण यादी पुढे सरकली होती. परत आल्यावर त्यांना शेवटी बसायला सांगितलं गेलं. आत डॉक्टर त्यांच्याशी कितीही नीट बोलले असतील, तरी त्या माणसाची सकाळ बाहेरच खराब झाली होती.

व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्राबद्दल मांडलं होतं, की किती वेळ ते ठाऊक नसलेलं आणि कारण न सांगितलेलं थांबणं जास्त लांब वाटतं. धास्तीनंही ते लांब वाटतं, हेही त्यांनीच म्हटलं होतं; आजारी माणसाला ते त्याहून लांब वाटतं, हे मी माझ्या पदरचं जोडते. उपाय फार खर्चिक नाहीत. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेत, अजून चाळीस मिनिटं लागतील, तोवर पाय मोकळे करून या, तुमचा नंबर जाणार नाही, असं कोणीतरी बाहेर येऊन माणसासारखं सांगितलं की निम्मा ताण तिथेच उतरतो. आणि सगळ्यांना एकच वेळ देऊन बोलावणं बंद करा. ब्रिटनमध्ये वेल्च आणि नॉर्मन बेली यांनी १९५२ सालीच ओपीडीच्या वेळांचं गणित मांडून ठेवलंय. सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत, आणि पुढच्या प्रत्येकाला एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं बोलवा. अर्थात, ओपीडी ठरलेल्या वेळेला सुरू झाली तरच हे गणित चालतं. सत्तरहून अधिक वर्षं जुनं हे उत्तर हाताशी असताना तीस जणांच्या टोकनवर एकच वेळ छापलेली का असते, याचं कारण मला आजवर कोणी देऊ शकलेलं नाही.

तरीही, रांग आणि भेट यांतलं एकच सुधारता येणार असेल तर भेट सुधारा, असंच मी म्हणेन. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, किती वेळ थांबावं लागलं यापेक्षा डॉक्टरांसोबत किती वेळ मिळाला याचा समाधानाशी जास्त घट्ट संबंध दिसला. सगळ्यात खालचं समाधान होतं ते खूप थांबून झाल्यावर घाईत उरकलं गेलेल्यांचं. आईचंही तसंच आहे. नीट बोलणं झालेल्या दिवशी ती घरी आल्यावर किती वेळ थांबलो हे काढतच नाही.

मग शेवटचं अर्धं मिनिट. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं, असं रॉय केसेल्स यांनी २००३ साली संशोधनाचा आढावा घेताना लिहिलं आहे. काळजीत असलेल्या माणसाच्या कानावर 'गाठ' हा शब्द पडला की पुढची पाच वाक्यं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. "समजलं ना?" या प्रश्नाला आम्ही सगळे "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हणायला लाज वाटते. त्याऐवजी विचारा, "मी नीट सांगितलंय का ते मला कळू द्या. घरी गेल्यावर ही गोळी कधी घेणार, सांगा बरं." यात परीक्षा रुग्णाची होत नाही, तुमच्या सांगण्याची होते, म्हणून उत्तर खरं मिळतं. आणि एक ओळ आमच्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्या, की काय झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचं. ती ओळ आमच्याकडे फ्रिजच्या दारावर लागते.

रुग्णांना खूश ठेवायला गेलं की वैद्यकी बिघडते, असंही तुमच्यात म्हटलं जातं. त्यालाही आधार आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या जवळपास ५२ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यात सर्वाधिक समाधानी गटात औषधांचा खर्च जास्त, रुग्णालयात भरती जास्त आणि मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी जास्त दिसला. एकामुळे दुसरं घडलं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण इशारा गंभीर आहे. मागेल ते इंजेक्शन, मागेल ते सलाइन, मागेल तो स्कॅन देऊन मिळवलेलं समाधान मलाही नको आहे. पण आम्हाला तेच हवं असतं, हे तुम्ही गृहीत धरता. मुलांच्या डॉक्टरांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेला रीटा मँजियोनी-स्मिथ यांचा अभ्यास पाहा. पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरांना वाटलं, की ते लिहून देण्याचं प्रमाण वाढत होतं. पालकांचं समाधान मात्र अँटिबायोटिक मिळालं की नाही यावर ठरत नव्हतं. अपेक्षेप्रमाणे नीट बोलणं झालं का, यावर ठरत होतं. औषध का देत नाही, ताप किती दिवस राहील, कशाकडे लक्ष ठेवायचं, हे सांगितलं की पालक रिकाम्या हातानंही निश्चिंत जातात.

शेवटचा मुद्दा तुमच्या फॉर्मचा. 'आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' आणि पुढे पाच चांदण्या. ज्या दिवशी चक्करचं सांगायचं राहिलं, त्या दिवशीही आईनं पाचही भरल्या. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, किती माणसं होती बाहेर. ते तरी काय करणार?" ती खोटं बोलत नव्हती. ब्रायन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली रुग्णांशी सविस्तर बोलून हेच दाखवलं. वाईट अनुभव आलेली माणसंही सेवेला चांगलं म्हणतात, कारण 'हे त्यांचं काम नव्हतं' किंवा 'त्यांचा इलाज नव्हता' असं ती स्वतःला समजावतात. त्यातही म्हातारी माणसं तरुणांपेक्षा वरचे गुण देतात, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. तेव्हा तुमच्या भिंतीवर झळकणाऱ्या ९५ टक्क्यांत अशी किती अर्धवट राहिलेली वाक्यं आहेत, हे त्या आकड्यावरून तुम्हाला कधीच कळणार नाही.

कसं वाटलं हे विचारू नका, काय घडलं ते विचारा. जे सांगायचं ठरवून आला होतात ते सगळं सांगून झालं का? तपासताना खोलीत दुसरा कोणी रुग्ण होता का? उशीर झाला तेव्हा कारण कोणी सांगितलं का? औषध कशासाठी आहे ते आता सांगू शकाल का? लगेच परत कधी यायचं, ते माहीत आहे का? गेल्या वेळचेच डॉक्टर भेटले का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर. यात कोणाची भीड पडत नाही आणि कोणावर आरोपही होत नाही. मात्र या उत्तरांवरून एकट्या डॉक्टरला जाब विचारू नका. 'सांगून झालं नाही' असं उत्तर एखाद्या ओपीडीतून वारंवार येत असेल, तर आधी त्या दिवशीची यादी काढा आणि त्या डॉक्टरांच्या नावापुढे किती रुग्ण लावले होते, ते मोजा.

कळावे,

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी, आणि अधूनमधून स्वतःही रुग्ण